अकरावा इलेक्ट्रॉन

हे सगळं एका मार्कावरून सुरू झालं. तो मार्क मी देऊन टाकला असता तर शाळेला त्रास झाला नसता, सोसायटीला झाला नसता आणि सत्तावन्नाव्या वर्षी माझ्या गुडघ्यांनाही झाला नसता. पण रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचा हात मार्क देताना आखडतो, त्याला इलाज नाही.

नववीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : मीठ हे मूलद्रव्य की संयुग, ते कारणासह लिहा. बेचाळीसपैकी अडतीस जणांनी 'मूलद्रव्य' लिहिलं. कारणं एकापेक्षा एक होती. 'सगळ्यात लागतं म्हणून.' 'त्याच्याशिवाय जेवण नाही म्हणून.' हर्षिल नावाच्या मुलाने लिहिलं होतं, 'आमच्याकडे पिकतं म्हणून.' हे खरंच होतं, घोघा बंदराच्या रस्त्याला त्याच्या वडिलांची मिठागरं आहेत. मी तरीही शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील जीवणभाई पांढरेशुभ्र कपडे घालून शाळेत आले. आमचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक दुष्यंतभाई, यांच्यासमोर बसून त्यांनी मला शांतपणे विचारलं, "बेन, तीन पिढ्या आम्ही मीठ काढतो. समुद्राचं पाणी आणि ऊन, तिसरं काही घालत नाही. तुम्ही संयुग म्हणता, म्हणजे आमच्या मालात भेसळ आहे का?"

मी समजावलं. सोडियम नावाचा धातू असतो, तो पाण्यात टाकला की पेट घेतो. क्लोरीन नावाचा वायू असतो, तो विषारी. हे दोघं एकमेकांशी जोडले गेले की त्याचं मीठ होतं, आणि मग ते पेटतही नाही आणि मारतही नाही. जीवणभाईंनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. ते आचार्यांकडे वळून म्हणाले, "म्हणजे माझ्या मिठात एक पेटणारं आहे आणि एक विष आहे, असं बेन मुलांना शिकवतात." संध्याकाळपर्यंत ही बातमी पालकांच्या ग्रुपवर पोचली आणि रात्रीच्या जेवणात तीन घरांनी मीठ घातलं नाही म्हणे.

दुष्यंतभाई आयुष्यात दोनच गोष्टींना घाबरतात, पालक आणि तपासणी. त्यांनी मला बोलावून सांगितलं की पालकांनाही डोळ्यांनी दिसेल असा काहीतरी उपक्रम करा, महिनाअखेर फोटोसकट अहवाल वर पाठवायचा आहे. मी तिथल्या तिथे म्हणाले, "गरबा करू."

मी समजावून सांगितलं. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, तसा आपला गरबा, म्हणजे तो भोकांचा घट, मध्ये ठेवायचा. त्याच्याभोवती दिवे, ते प्रोटॉन. आणि गोल फिरणाऱ्या पोरी म्हणजे इलेक्ट्रॉन. सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या गोलात दोन, दुसऱ्यात आठ, आणि सगळ्यात बाहेर एकटा एक. क्लोरीनचे सतरा. दोन, आठ आणि बाहेर सात. त्याच्या बाहेरच्या गोलात एक जागा रिकामी असते. सोडियमचा तो एकटा उठतो आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो. झालं मीठ. दुष्यंतभाईंनी टेबलावर बोटाने गोल काढून पाहिले आणि म्हणाले, "तरुबेन, हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. अकरा वर्षं दर नवरात्रात मी माझ्या गॅलरीत उभी राहून हाच हिशेब करत होते.

त्याचं असं आहे. आमची अलकनंदा सोसायटी पूर्वी एकच होती. मध्ये मोठं मोकळं मैदान आणि दोन्ही बाजूंना घरं. माझं घर एका बाजूला, पन्ना धोळकियाचं समोर. मैदानाच्या मधोमध कडुलिंबाखाली एक बाकडं होतं. मी शाळेतून आले आणि पन्ना कलेक्टर कचेरीतून आली की आम्ही त्या बाकड्यावर बशीतून चहा प्यायचो आणि गाठिया खायचो. तळलेल्या मिरच्या ती मला द्यायची आणि माझ्या वाटणीचा कच्च्या पपईचा परतलेला संभारो ओढून घ्यायची. आणि नवरात्रात एकोणीस वर्षं आमची जोडी. पन्नाला गरबा येत नाही असं नाही, पण तिची टाळी किंचित उशिरा पडते. सगळं मैदान टाळी देऊन मोकळं झालं की मग तिची पडणार. सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर काढलेल्या बाईची टाळीसुद्धा नोंद झाल्याशिवाय बाहेर पडत नसणार, असं मी तिला चिडवायची.

मग एका उन्हाळ्यात बोअरची मोटर जळली. कोणत्या बाजूने जास्त चालवली यावरून सभा भरली आणि सभेत माणसं पेटली. मी मानद सेक्रेटरी होते. मी उभी राहून दोन्ही बाजूंना समजावत होते, तेव्हा पन्ना सगळ्यांदेखत म्हणाली, "तरु, आम्ही तुझ्या वर्गातली पोरं नाही." लोक हसले. आठ दिवसांनी आमच्या बाजूचे प्रमुख लाभशंकरभाई मैदानात भिंत घालायचा कागद घेऊन आले. मी सही केली. न वाचता केली असं मी बरीच वर्षं सांगत होते. नीट वाचून केली होती.

भिंत सात फुटांची झाली, आमची बाजू विभाग एक आणि त्यांची विभाग दोन झाली. बाकडं त्यांच्या बाजूला गेलं, कडुलिंब आमच्या. भिंतीत एक छोटं गेट ठेवलं, त्याला इकडून एक कुलूप आणि तिकडून एक. आता रस्त्याने वळसा घालून गेलं तर पन्नाचं घर दहा मिनिटांवर आहे, मग गेले का नाही, असं कोणी विचारेल. मी तीनदा गेले. तिन्ही वेळा कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत पोचले आणि दूध घेऊन परत आले. तिसऱ्या वेळेला घरात आधीच दोन पिशव्या दूध होतं.

पण नवरात्रात भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू यायच्या, आणि सगळ्या टाळ्या संपल्यावर एक टाळी यायची. मी गॅलरीत ती एक टाळी ऐकायला उभी राहायची. मला तिची आठवण यायची, असं सरळ लिहिते. अकरा वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता यायची. आणि या श्रावणात कंकुबांनी बातमी आणली की पन्ना घर विकून दिवाळीनंतर मुलाकडे सुरतला जाणार, कायमची. कंकुबा आमच्या तळमजल्यावर राहतात, वय ब्याऐंशी, दोन्ही बाजूंची बित्तंबातमी त्यांच्याकडे असते. म्हणजे माझ्या हातात एकच नवरात्र उरलं होतं. अशा वेळी माणसाला काहीही सुचतं, मला सोडियम क्लोराइड सुचलं.

शाळेचं मैदान गॅसच्या पाइपासाठी खणलेलं होतं, त्यामुळे जागेचा प्रश्न माझ्या सोयीने सुटला. सोडियम आमच्या विभाग एकमध्ये, क्लोरीन विभाग दोनमध्ये, दोन्हीकडे आमच्याच शाळेतल्या मुली, आणि गेटातून इलेक्ट्रॉन पलीकडे जाणार. फक्त दोन्ही सोसायट्यांची परवानगी हवी होती.

लाभशंकरभाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपण विभाग एक. आपले अकरा, आणि त्यांचे सतरा?" मी म्हटलं, अणू तसेच आहेत. "आणि त्यातला एक आपणच द्यायचा?" मी म्हटलं, हो, सोडियमचा स्वभावच देण्याचा. "त्यांच्याकडे सतरा आहेत, तर त्यांनी का देऊ नये? बोअरच्या वेळीही आपणच दिलं होतं." मी वीस मिनिटं समजावलं की बाहेरच्या गोलात आठ पुरे झाले की अणू सुखी होतो, आपण तो एकटा दिला तर आतले आठ पुरे दिसतात, म्हणजे देऊन आपलंच भलं होतं. त्यांचं समाधान होईना. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं की इलेक्ट्रॉन दिल्यावर सोडियम प्लस होतो आणि घेतल्यावर क्लोरीन मायनस.

"म्हणजे आपण प्लसमध्ये आणि ते मायनसमध्ये?"

"हो."

"हे शास्त्रात आहे?"

"पहिल्या धड्यात आहे."

ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात लिहिलं गेलं की विभाग एक हा विभाग दोनच्या तुलनेत प्लसमध्ये असल्याचे शाळेने मान्य केले आहे. एवढंच नाही, तर सोडियमच्या केंद्रकात बारा न्यूट्रॉन असतात हे कळल्यावर लाभशंकरभाईंनी अकरा ज्येष्ठ नागरिक जमवून स्वतःसह मध्यभागी खुर्च्या टाकायचं ठरवलं. न्यूट्रॉन काय करतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विशेष काही करत नाहीत, पण अणूचं निम्म्याहून जास्त वजन त्यांचंच असतं. ते अतिशय खूष झाले.

विभाग दोनचं प्रकरण अवघड निघालं. मी शाळेच्या कागदावर अर्ज पाठवला, तर चार दिवसांनी जावक क्रमांक, शिक्का आणि एक न लागणारी सही असलेलं टाइप केलेलं उत्तर आलं. 'आमच्या विभागास विषारी वायूची भूमिका दिल्याबद्दल सभेने नाराजी नोंदवली आहे. तथापि शैक्षणिक कार्य असल्याने खालील खुलासे मागवण्यात येत आहेत. एक, इलेक्ट्रॉन येताना पडल्यास औषधपाण्याचा खर्च कोण करणार. दोन, सदर इलेक्ट्रॉन चप्पल घालून येणार की अनवाणी.' मी खुलासे पाठवले. उलट टपाली आणखी तीन प्रश्न आले. सरकारी कचेऱ्या मी पाहिल्या आहेत, पण एका इलेक्ट्रॉनचा एवढा पाठपुरावा मी कुठे पाहिला नव्हता. घरी बसून मी त्या सेक्रेटरीला मनातल्या मनात बरंच काही बोलले. तिकडचे सेक्रेटरी रजनीकांतभाई एरवी बरे गृहस्थ होते.

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी शेवटचं पत्र आलं. परवानगी मंजूर, सहाव्या माळेला, संध्याकाळी पाच वाजता. खाली एक अट होती : 'अर्जात सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो असे नमूद आहे. तो नंतर परत मागितला जाणार नाही याची लेखी हमी द्यावी. आपल्या विभागाच्या जुन्या सह्यांचा अनुभव लक्षात घेता, सही करणाराने मजकूर वाचून सही करावी.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ती सही माझी होती, आणि हे तिकडच्या सेक्रेटरीच्याही लक्षात होतं. त्या रात्री मी उपक्रम रद्द करायचा असं दोनदा ठरवलं आणि सकाळी दोन्ही वेळा विसरले.

तालमींचं काय सांगू. दोन इलेक्ट्रॉनच्या गोलाला कोणी तक्रार केली नाही, आठच्या गोलासाठी पोरींची मारामारी झाली, आणि बाहेरच्या गोलात एकटीने खेळायला कोणी तयार होईना. गरब्यात एकटीने फिरायचं म्हणजे सगळ्या गावात नाचक्की. ज्या मुलीचं नाव घेईन तिच्या आईचा फोन येई, की बेन, आमच्या मुलीने काय वाकडं केलंय. शेवटी ध्रुवी नावाची वर्गातली सगळ्यात उंच, सगळ्यात सुंदर खेळणारी मुलगी कशीबशी तयार झाली. तिने मला विचारलं, "बेन, तो एकटाच का असतो बाहेर?" मी म्हटलं, आत जागा भरलेली असते म्हणून. "मग त्याला वाईट वाटत असेल ना?" मी तिला सांगितलं की अणूंना काही वाटत नसतं, आणि हे परीक्षेत लिहू नकोस.

सहावी माळ उजाडली. दुष्यंतभाई कॅमेरा घेऊन आमच्या गच्चीवर चढले, कारण तिथून भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात. खाली मध्ये घट, त्याभोवती मोजून अकरा दिवे, त्यांच्याभोवती खुर्च्यांवर बारा न्यूट्रॉन. त्यांच्यातल्या दोघांनी आल्याआल्या झोप काढायला सुरुवात केली, ते भूमिकेला धरूनच होतं. जीवणभाई हर्षिलला घेऊन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. भिंतीपलीकडून ढोलाचा आवाज येत होता. म्हणजे क्लोरीन तयार होता.

आरती झाली आणि मी दिवे मोजले. बारा होते.

बारावा कंकुबांचा होता. त्यांनी गुडघ्यांसाठी नवस केला होता आणि आरतीनंतर घटापाशी दिवा लावून मोकळ्या झाल्या होत्या. मी त्यांना हळूच सांगितलं, "बा, हा एक दिवा काढावा लागेल."

"मातेपुढचा दिवा काढतात होय गं?"

"बा, अकरा प्रोटॉन असले तर सोडियम. बारा झाले की त्याचं मॅग्नेशियम होतं. मूलद्रव्यच बदलतं."

"बदलू दे. दिवा वाढला की चांगलंच होतं."

त्यांचं बघून आणखी दोघी उठल्या. कोणाची सून बाळंत होणार होती, कोणाचा मुलगा परीक्षेला बसणार होता. बघता बघता ॲल्युमिनियम झालं, मग वाळूतलं सिलिकॉन. जीवणभाई पुढे वाकून बघत होते. विष आणि आग यांच्या जोडीला आता वाळू आली, हे त्यांना मी सांगितलं नाही. दिवा विझवता येत नव्हता आणि ठेवता येत नव्हता. मग मला सुचलं आणि मी म्हटलं, "बा, हे तीन दिवे आपण भिंतीवर ठेवू. तिकडच्या माताजींनाही दिसतील." कंकुबांनी आपल्या दिव्याची वात सारली. मग म्हणाल्या, "ठेव. मीही बरीच वर्षं झाली, तिकडे बघितलं नाही." तिन्ही दिवे शिडीने भिंतीवर चढले आणि आम्ही पुन्हा सोडियम झालो.

गेटाचं कुलूप ही पुढची अडचण. चावी लाभशंकरभाईंच्या जानव्याला होती, पण आमच्या गावची हवा खारी, अकरा वर्षांत कुलूप गंजून एकजीव झालं होतं. गंज हेही संयुग आहे असं मी मुलांना सांगायला गेले तर कोणी ऐकेना. खोबरेल झालं, रॉकेल झालं, बारा न्यूट्रॉनांचे बारा सल्ले झाले. शेवटी जीवणभाई उठले, त्यांच्या टेम्पोतून मिठागरावरची पहार काढली आणि दोन घावांत कडी मोकळी केली. "तुमचं मीठ बघायचंय," एवढंच ते म्हणाले आणि परत जाऊन बसले.

ढोल वाजला. आतला गोल फिरला, दुसरा फिरला, आणि मी बाहेरच्या गोलाकडे पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं. ध्रुवी आठच्या गोलात शिरून नववी झाली होती. तिचा दोष नाही. गरबा सुरू झाला की माणूस जवळच्या गोलात ओढला जातो, हे आमच्या अंगातच आहे. मी हाका मारल्या. ती हात जोडून नाही म्हणाली आणि फिरत राहिली. वरून दुष्यंतभाई ओरडले, "तरुबेन, तिकडे सात आहेत आणि एक जागा रिकामी ठेवलीय. अगदी तुम्ही सांगितलं तसं. पण इकडे बाहेर कोणीच नाही. अहवालात काय लिहू?"

मी पदर खोचला आणि बाहेरच्या गोलात उतरले.

मैदानाएवढा गोल आणि त्यात मी एकटी, शाळेची सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा. आतल्या पोरी माझ्याहून छोट्या गोलात फिरत होत्या, त्यांच्याबरोबर राहायचं तर मला धावावं लागत होतं. लोक हसत होते. पूर्वीही याच मैदानात हसले होते, आणि त्या हसण्याचं मी काय करून ठेवलं होतं ते सात फूट उंच समोर उभं होतं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. लाभशंकरभाईंनी खुर्चीतून सल्ला दिला की पाऊल मागे घ्या. तिसऱ्या फेरीला मी गेटापाशी थांबले. इथून मी पलीकडे जायचं होतं. गेट ढकललं, हललं नाही. तिकडचं कुलूप तसंच होतं.

सगळे बघत होते. काय करावं ते कळेना, म्हणून मी जागेवरच दोन टाळ्या दिल्या, पाऊल घेतलं, पुन्हा दोन टाळ्या दिल्या. इकडच्या सगळ्यांच्या टाळ्या पडल्या, तिकडच्या सगळ्यांच्या पडल्या. आणि मग अगदी गेटाला लागून, पलीकडून, एक टाळी उशिरा पडली.

पुढचं मला नीट आठवत नाही. कुलुपाचा आवाज आठवतो, कारण तो आलाच नाही म्हणावं इतका हलका होता. आमचं कुलूप पहारीने तुटलं होतं आणि त्यांचं नुसत्या चावीने लोण्यासारखं उघडलं. गेटात पन्ना उभी होती. केस पांढरे, एका गुडघ्याला पट्टा, अंगावर लाल बांधणी. तीच, एकोणिसाव्या नवरात्रात आम्ही दोघींनी एकसारखी घेतली होती ती. माझी कपाटात पडून आहे.

"कुलपाला तेल कोणी घातलं?" मी विचारलं. अकरा वर्षांनी माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं.

"मी. रजनीकांतभाई फाल्गुनात मुलीकडे कॅनडाला गेले, तेव्हापासून मीच सेक्रेटरी. चावी हातात आली तशी दर शनिवारी घालते." ती आपल्या पट्ट्याकडे बघत म्हणाली. "म्हटलं, ठोठावलंस तर उघडायला वेळ नको."

"मग ती पत्रं?"

"मी लिहिली. पहिल्याच पत्राला हो म्हटलं असतं तर तू दुसरं लिहिलं असतंस का?" आणि तिने कनवटीच्या पाकिटातून एक घडी घातलेला कागद आणि पेन काढलं. "हमी आणलीस? नाही ना? मला माहीत होतं. मी टाइप करून आणलीय. या वेळी वाचून सही कर."

मी कागद धरला. मजकूर होता पण अक्षरं दिसत नव्हती, चष्म्याला काही झालं नव्हतं. मी म्हणाले, "पन्ना, मला वाचता येत नाहीये."

"मग मी वाचते," ती म्हणाली, आणि मैदानातला ढोल चालू असताना कचेरीतल्या आवाजात वाचू लागली. "मी, तरुलता ओझा, विभाग एक, लिहून देते की आज रोजी दिलेला एक इलेक्ट्रॉन मी कोणत्याही कारणाने, रागाने अथवा सभेच्या ठरावाने परत मागणार नाही."

"त्या कागदावरची सही मी वाचून केली होती, पन्ना," मी म्हणाले. "रागाने केली होती."

"ठाऊक आहे. तुझ्या वर्गातल्या पोरासारखी तीन दिवस रडले होते मी. कर सही."

मी गेटावर कागद ठेवून सही केली. तिने तो फुंकर मारून वाळवला, पाकिटात घातला, आणि मला हाताला धरून सातांच्या गोलातल्या रिकाम्या जागेत नेलं. ती तिच्या शेजारचीच जागा होती, सातवी म्हणून ती स्वतःच उतरली होती.

शास्त्राप्रमाणे उपक्रम इथे संपायला हवा होता. पण उघडं गेट आणि चालू ढोल दिसल्यावर आमच्याकडची माणसं थांबत नाहीत. आधी ध्रुवी आली, मग आठांचा गोल आला, मग दिवे सांभाळत कंकुबा आल्या, आणि शेवटी वजनदार न्यूट्रॉन आपापल्या खुर्च्या उचलून आले. दोन्ही अणूंचा पार बोजवारा उडाला. गच्चीवरून दुष्यंतभाई विचारत होते की तरुबेन, हे आता नेमकं काय आहे. इकडे पन्नाची टाळी सांभाळताना माझी चुकत होती. जीवणभाई गेटात उभे राहून दोन्हीकडे बघत होते. नंतर मला येऊन म्हणाले, "भेसळ नाही, बेन. समजलं."

फेरपरीक्षेत चाळीस मुलांनी 'संयुग' लिहिलं. हर्षिलने कारण दिलं, 'कारण बाहेरच्या गोलात एकट्याला करमत नाही.' हे पुस्तकात नाही. मी पूर्ण मार्क दिला आणि लाल पेनाने खाली काही लिहिलं नाही.

दिवाळीपर्यंत सत्तावीस संध्याकाळी मिळाल्या. बाकडं त्यांच्याच बाजूला आहे, गेट उघडं आहे, लाभशंकरभाईंना नवीन कुलूप आणायचं आहे पण ठराव मंजूर होत नाही. सत्तावीस दिवस मी मिरच्या खाल्ल्या आणि तिने माझा संभारो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला पोचवायला घोघ्याला गेले. ती फेरी बोटीच्या कठड्याशी उभी राहून काहीतरी ओरडत होती, मला ऐकू आलं नाही. बोट दिसेनाशी होईपर्यंत मी धक्क्यावर होते. सुरत तिकडे, मी इकडे, मध्ये सगळं आखात, सगळं खारं पाणी. मीठ पाण्यात विरघळलं की सोडियम आणि क्लोरीन वेगळे होतात, हे मी तीस वर्षं शिकवते. पण वेगळे झाले तरी तो इलेक्ट्रॉन सोडियमकडे परत येत नाही, तो क्लोरीनकडेच राहतो. हे वाक्य मी आजवर घाईघाईत सांगून पुढे जात असे.

आठ दिवसांनी पत्र आलं. अलकनंदा विभाग दोनचा कागद. उरलेले कोरे कागद आणि शिक्का ती सुरतला घेऊन गेली, याबद्दल तिकडच्या कमिटीत चौकशी चालू आहे. जावक क्रमांक एक. विषय : पोच. 'आपणाकडून मिळालेला एक नग येथे सुखरूप पोचला. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्रास देतो. हमीपत्रानुसार परत करता येणार नाही, कळावे.' खाली सही होती, आणि ती या वेळी स्वच्छ वाचता येत होती.